आधी ‘पॅरोल’चा घोळ काढ

चि. हिस,
अनेक आशीर्वाद.

न्यूयॉर्कमधला पॅरोल का कमी करावा, यावरचा तुझा लेख वाचला. पहिल्याच परिच्छेदात घोळ आहे. आपल्याकडे पॅरोल म्हणजे अभिवचन रजा; आईच्या आजारपणासाठी येरवड्यातून घरी यायचं, मुदत संपली की परत आत. न्यूयॉर्कमधला पॅरोल म्हणजे सुटल्यावर मागे लागणारी देखरेख. हे आधी सांगितलं नाहीस, तर ‘पॅरोल कमी करा’ वाचून आपला वाचक टाळ्या वाजवेल, कैद्यांच्या रजा कापल्या म्हणून!

1998 च्या कायद्याने तिथे हिंसक गुन्ह्यांत ठरावीक मुदतीच्या शिक्षेनंतर पाच वर्षांपर्यंतची देखरेख सक्तीची झाली. ही पाच वर्षं कशी जातात ते लिही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वकिली करताना माझा एक अशील हॉटेलात भांडी घासायचा. रात्री नऊच्या आत घरात हवा, ही अट. एका शनिवारी मालकाने थांबवून घेतलं, वर ट्रेन बोगद्यात अडकली. घरी पोचला पावणेदहाला. नवा गुन्हा काही नाही, तरी सुनावणी होईपर्यंत कोठडीत. तोवर नोकरी गेली होती. भेटायला गेलो तर विचारत होता, खोलीचं भाडं कोणी भरलं का?

मुदत जितकी लांब, तितके असे शनिवार जास्त. तुझा मुद्दा हाच आहे, आणि तो तू शेवटच्या पानावर लपवलास.

17 सप्टेंबर 2021 ला गव्हर्नर कॅथी होकुल यांनी ‘लेस इज मोअर’ कायद्यावर सही केली. नियम पाळून काढलेल्या दर 30 दिवसांमागे 30 दिवस सूट, म्हणजे पाच वर्षांची अडीच होऊ शकतात. रात्री घरी परतायची वेळ चुकली एवढ्यावरून आता सहसा आत टाकत नाहीत. इतर तांत्रिक चुकांना, म्हणजे नवा गुन्हा न करता अट मोडली तर, जास्तीत जास्त 30 दिवस. मला यातली सूट कमावण्याची कल्पना सरसकट कपातीपेक्षा पटते. दिवस मोजायला माणसाला काहीतरी कारण मिळतं.

पीडितांच्या भीतीवर मात्र एक ओळ टाकून सटकलीस. ज्या बाईचा हल्लेखोर दोन गल्ल्या सोडून राहायला आलाय, तिला ही आकडेमोड कशी ऐकू येईल? सूट मिळाली तरी तिच्यापासून लांब राहण्याचा कोर्टाचा आदेश वेगळा असतो, तो कधी संपतो ते शोध. त्यासाठी एक अख्खं पान दे.

दुसरा खर्डा रविवारपर्यंत पाठव. आणि ‘समाजाच्या मुख्य प्रवाहात’ हे शब्द चार वेळा आलेत. चारही काढ.

तुझा,
काका