मॅचच्या बातमीत पत्रकाराने आधीच ठरवलेली गोष्ट घुसवलीये हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की रिपोर्ट वाचताना यात घडलेलं किती आणि रचलेलं किती हे कसं कळणार. माझी पद्धत एकच आहे, निकाल मनात उलटा करून बघायचा. हीच टीम हरली असती तर हीच वाक्यं छापून आली असती का?

बार्बाडोसची २९ जून २०२४ ची टी-२० वर्ल्डकप फायनल घ्या. कोहलीचे त्याआधीच्या ७ इनिंग्जमध्ये मिळून ७५ रन, आणि फायनलला ५९ बॉलमध्ये ७६. आपण ७ रनने जिंकलो म्हणून तो 'मोठ्या मॅचचा खेळाडू' झाला, पण शेवटच्या ओव्हरला सूर्याकडून तो बाउंड्रीवरचा कॅच सुटला असता आणि दक्षिण आफ्रिकेने मॅच काढली असती तर याच ७६ वर 'संथ खेळीने घात केला' असे मथळे आले असते, मला यात अजिबात शंका नाही. ३४ रनवर ३ विकेट गेल्या होत्या म्हणून तो थांबून खेळला, पन्नासला ४८ बॉल घेतले, मग पुढच्या ११ बॉलमध्ये २६ मारले, एवढं जो लिहितो त्याने मॅच बघून लिहिलंय. त्याचं म्हणणं निकाल बदलला तरी टिकतं.

त्याच मॅचमध्ये आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० हवे होते, ६ विकेट हातात, आणि हरले. लगेच 'चोकर्स', 'ऐन वेळी कच खाल्ली', सगळं १९९९ च्या एजबॅस्टनच्या टाय सेमीफायनलपासून उगाळलेलं, जेव्हा या टीममधली काही पोरं शाळेतही जात नव्हती. आता त्या शेवटच्या ५ ओव्हरमधले रन बघा: ४, ४, २, ४, ८. यातल्या दोन बुमराहच्या, ४ आणि २ वाल्या, आणि दुसरीत यान्सनचा दांडा पण उडवला. क्लासेन २७ बॉलमध्ये ५२ करून गेला तो हार्दिकच्या बॉलवर. म्हणजे तीन बॉलर्सनी जबरदस्त बॉलिंग केली हे सरळ कारण समोर असताना समोरच्याच्या मनात काय चाललंय हे पत्रकार प्रेसबॉक्समध्ये बसून सांगतोय! मला याचा खरंच राग येतो, कारण यात हरणाऱ्यावर शिक्का बसतो आणि जिंकणाऱ्या बॉलरचं श्रेय पण जातं. 'दडपण', 'भूक', 'जिद्द' असले शब्द दिसले की शोधा, कोणता बॉल, कोणता शॉट, काही दिलंय का. नसेल तर ते वाक्य सोडून पुढे वाचा.

रोहितचं तर सगळ्यात वाईट. २०२३ च्या वर्ल्डकपमध्ये सलग १० मॅच जिंकलो तेव्हा त्याची सुरुवातीपासूनची मारामारी म्हणजे 'निःस्वार्थ बॅटिंग', आणि १९ नोव्हेंबरला अहमदाबादला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या हरलेल्या फायनलमध्ये तसंच खेळून ३१ बॉलमध्ये ४७ वर गेला तर 'बेजबाबदार शॉट'. हेडने मागे पळत जाऊन घेतलेला कॅच बऱ्याच लेखांत एका ओळीत उरकला. अशा वेळी मी जिंकलेल्या देशातला पण एक रिपोर्ट वाचतो. तिकडे कमिन्सने टॉस जिंकून बॉलिंग घेतली, हेडने तो कॅच घेतला आणि मग १३७ मारले, इथून गोष्ट सुरू होते, आपल्याकडे मात्र आपलं काय चुकलं इथून. तिकडचेही आपल्याच टीमच्या बाजूने लिहितात, पण दोन्ही शेजारी ठेवले की कोणी काय गाळलंय ते लगेच दिसतं.