युद्धात सैनिकाची आणि पत्रकाराची नैतिक जबाबदारी वेगवेगळी असते का?

कामं वेगळी, पण पेच एकच: डोळ्यांसमोर घडतंय त्याचं काय करायचं?

व्हिएतनाममधलं माय लाई घ्या. १६ मार्च १९६८. अमेरिकी सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत सुटले होते. ह्यू थॉम्पसन या पायलटने वरून ते पाहिलं आणि हेलिकॉप्टर सरळ सैनिक आणि लपलेले गावकरी यांच्या मधे उतरवलं. आपल्या गनरना सांगितलं, हे गावकऱ्यांवर गोळ्या झाडू लागले तर तुम्ही यांच्यावर झाडा. म्हणजे आपल्याच लोकांवर! 'वरून हुकूम होता' ही सबब माझ्या लेखी तिथेच संपते.

गावात लष्कराचा फोटोग्राफर रोनाल्ड हॅबर्लीही होता (तो नोकरीतला माणूस, स्वतंत्र पत्रकार नव्हे, हे मान्य). सरकारी कॅमेऱ्यात कृष्णधवल, स्वतःच्या कॅमेऱ्यात रंगीत. रंगीत फोटो त्याने जवळच ठेवले. ते छापून यायला नोव्हेंबर १९६९ उजाडला. प्रत्यक्ष मारतानाचे काही फोटो आपणच नष्ट केल्याचं त्याने पुढे कबूल केलं.

प्रकरण बाहेर काढणारा पत्रकार सेमूर हर्श तर त्या दिवशी तिथे नव्हताच. खटल्याची कुणकुण लागल्यावर त्याने आरोपी लेफ्टनंट विल्यम कॅलीला हुडकून गाठलं.

थॉम्पसनला त्या कामाचं सोल्जर्स मेडल मिळालं १९९८ साली. त्याआधी बरीच वर्षं शिव्याच.