ऑस्ट्रॅकॉडला ‘शिंपलीकिडा’ म्हणावं का?

प्राचीन समुद्रांविषयीच्या एका लेखाचं मराठीकरण करताना एका वाचकाला दोन शंका आल्या आहेत. ‘ऑस्ट्रॅकॉड’ला ‘शिंपलीकिडा’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘जीवाश्म शिंपल्यांवरून त्या काळच्या समुद्राचं तापमान कळतं’ हे वाक्य बरोबर आहे का?

मी दोन्ही टाळेन. हा प्राणी कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला, त्यामुळे ‘किडा’ बाद. आकाराने बहुतेक अर्धा ते दोन मिलिमीटर, म्हणजे वाळूच्या कणाएवढा. अंगावर चुन्याचं दोन झडपांचं कवच असतं आणि ते पाठीकडे बिजागरीने जोडलेलं असतं. वरवर पाहिलं तर चिमुकली तिसरीच (खाडीतली खायची शिंपली) वाटते, म्हणूनच ‘शिंपली’ शब्द सुचतो. पण इथेच वाचकाची दिशाभूल होते.

तिसरीचा शिंपला आयुष्यभर कडेकडेने वाढतो आणि ती तो कधी टाकून देत नाही. ऑस्ट्रॅकॉड मात्र खेकड्यासारखा कात टाकतो. त्याच्या बहुतेक समुद्री जाती प्रौढ होईपर्यंत आठ वेळा कात टाकतात. दर वेळी नवं कवच थोड्या अवधीत, आसपासच्या पाण्यातलं कॅल्शियम घेऊन घट्ट होतं. त्यामुळे पाण्याच्या तापमानानुसार बदलणारं कवचातलं मॅग्नेशियम आणि ऑक्सिजनची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) त्या थोड्या दिवसांच्या पाण्याचीच नोंद ठेवतात. ‘शिंपला’ म्हटलं की वाचक वर्षानुवर्षांची नोंद समजून बसतो. शिवाय एकच प्राणी अनेक कवचं मागे ठेवतो. गाळात लहान-मोठी सगळ्या वयांची कवचं एकत्र सापडली, तर ते प्राणी तिथेच राहत होते असं मानता येतं. एकाच मापाची सापडली, तर प्रवाहाने चाळून आणून टाकली असण्याचा संशय घ्यावा लागतो. ‘कात’ हा शब्द हाताशी नसेल तर हा युक्तिवाद मराठीत मांडताच येत नाही.

मूळ नावाचा अर्थ सांगायला हवा. ग्रीक ‘ऑस्ट्राकॉन’ म्हणजे खापर किंवा कवच. अथेन्सचे नागरिक खापरीवर एखाद्याचं नाव खरडून त्याला 10 वर्षं हद्दपार करत, तीच ही खापरी. लात्रेय या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1802 मध्ये या गटाला ‘ऑस्ट्रॅकोडा’ नाव दिलं. आपल्या ‘खापर फोडण्या’शी याचं नातं जोडायचा मोह होतो, पण तसं काही नातं नाही. ‘खापरी’ हे नाव मला आवडलं असतं, फक्त ऐकणारा पुरातत्त्वाच्या उत्खननात जाऊन पोचेल.

आता ‘तापमान कळतं’ या भागाकडे. कळतं, पण ते अनेकांतलं एक. भूमध्य समुद्राचं उदाहरण घ्या. 1970 मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ या संशोधन जहाजाने त्याच्या तळाशी छिद्रं पाडली, तेव्हा जिप्सम आणि मिठाचे, म्हणजे खारं पाणी आटल्यावर उरणारे, थर लागले. त्याच काळातल्या गाळात ‘सिप्रिडेइस’ या ऑस्ट्रॅकॉडची कवचंही मिळाली. हा प्राणी खाडीतला, निमखाऱ्या उथळ पाण्यातला; इतक्या खोल तळाशी त्याचं काय काम? सुमारे 60 ते 53 लाख वर्षांपूर्वी अटलांटिकशी संबंध तुटत गेल्याने भूमध्य समुद्र आटला आणि शेवटी तिथे निमखारी तळी उरली, या चित्राला या कवचांचा आधार मिळाला. पाणी फारच गोडं असेल तर सिप्रिडेइसच्या कवचावर टेंगळं येतात, तीही वाचता येतात.

त्याच्या वरच्या, 53 लाख वर्षांपूर्वीनंतरच्या थरांत ऑस्ट्रॅकॉडांचे अभ्यासक रिचर्ड बेन्सन यांना थंड, खोल समुद्रातल्या जाती मिळाल्या. आज त्या भूमध्य समुद्रात नाहीत. त्याच्या तळाचं पाणी 13 अंशांच्या आसपास असतं, आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतला उंबरठा (तळाचा उंचवटा) जेमतेम तीनशे मीटर खोल असल्याने अटलांटिकचं खोलातलं गार पाणी आत येत नाही. तेव्हा उंबरठा बराच खोल असावा, असं बेन्सन यांनी अनुमान काढलं. खोली ओळखण्याची आणखी एक खूण डोळ्यांची आहे. उजेडातल्या अनेक जातींच्या कवचावर डोळ्याच्या जागी काचेसारखा उंचवटा असतो. अंधाऱ्या खोलातल्या जाती आंधळ्या, त्यांचं कवच तिथे सपाट.

तेव्हा वाक्य असं करा: ‘ऑस्ट्रॅकॉडांच्या अश्मीभूत कवचांवरून त्या काळच्या पाण्याची खोली, खारेपणा आणि तापमान यांचा अंदाज बांधता येतो.’ ‘कळतं’पेक्षा ‘अंदाज बांधता येतो’ प्रामाणिक आहे, कारण मॅग्नेशियमचं प्रमाण जातीजातीनुसारही बदलतं. प्राण्याला ‘ऑस्ट्रॅकॉड’ म्हणा, पुल्लिंगी. अनेकवचन तेच, सामान्यरूप ‘ऑस्ट्रॅकॉडां-’. ‘ऑस्ट्रॅकोडा’ हे गटाचं नाव, ते एका प्राण्यासाठी वापरू नका. अख्ख्या आवरणाला ‘कवच’, त्याच्या अर्ध्या भागाला ‘झडप’. पहिल्या उल्लेखाला ‘कोळंबीच्या गोतातला, दोन झडपांचा सूक्ष्म प्राणी’ एवढं जोडलं की पुरे.