जुन्या स्विफ्टचे ब्रेक आणि कर्ज काढून भरलेला प्रीमियम

इंदूरच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ३९, पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी, हाती येणारा पगार ६२ हजार, घरी पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि आई. त्यांच्याकडे २०१० ची पेट्रोल स्विफ्ट आहे; १५ वर्षांची नोंदणी संपल्यावर त्यांनी ती पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आहे. गाडीत एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. वर्षातून तीन-चार वेळा धुळ्याला सासरी जाणे होते आणि मानपूरचा घाट उतरताना ब्रेकचे पेडल फार खोल जाते, अशी त्यांची तक्रार आहे. ओळखीच्या गॅरेजवाल्याने बलेनोची १६ इंची अलॉय चाके टायरसह आणि बलेनो आरएसचे मागचे डिस्क ब्रेक बसवून देण्याचे १ लाख २० हजार सांगितले आहेत. बँकेत १ लाख ८० हजारांची मुदत ठेव आहे. ती मोडावी का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

पत्राच्या शेवटी मात्र त्यांनी सहज म्हणून लिहिले आहे: ‘गॅरंटीड पॉलिसीच्या एक लाखाच्या प्रीमियमची चिंता नाही, गेल्या वर्षीप्रमाणे पर्सनल लोन काढून भरीन.’

आधी गाडीचे पाहू, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. तुमची गाडी आज विकायला काढली, तर दीड लाखाच्या वर क्वचितच कोणी देईल. तिच्यावर सव्वा लाख लावल्याने तिची किंमत सव्वा लाखाने वाढत नाही. गॅरेजवाल्याचे एक म्हणणे खरे आहे: बलेनोचा १९५/५५ आर१६ टायर आणि स्विफ्टचा १६५/८० आर१४ टायर यांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, साधारण ६२ सेंटिमीटर, आणि दोन्ही गाड्यांच्या चाकांना चारच नट असून त्यांचे अंतरही जुळते. त्यामुळे चाक बसते. परंतु चाक बसणे आणि गाडी लवकर थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोरात ब्रेक दाबल्यावर वजन पुढच्या चाकांवर जाते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे ब्रेकच करतात. मागे अधिक जोराचे डिस्क लावले, दाबाची पुढे-मागे वाटणी मात्र आजच्या मागच्या ड्रम ब्रेकच्या हिशोबाचीच राहिली आणि एबीएसही नसले, तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरण्याचा धोका वाढतो. त्यात मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) जुनाच ठेवून मोठे कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारे भाग) जोडले, तर पेडल आजच्यापेक्षाही खोल जाऊ शकते, आणि नेमकी तीच तुमची तक्रार आहे. हँडब्रेकची जुळवणी हा आणखी एक उद्योग. कंपन्या अशा बदलांची चाचणी पीथमपूरच्या नॅट्रॅक्ससारख्या ट्रॅकवर घेतात. तुमच्या गॅरेजवाल्याची चाचणी रिंग रोडवर होईल.

कायदा आणि विमा यांचे थोडक्यात सांगतो. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी पुस्तकातील तपशील जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितले आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला फेरफार हे दावा नाकारण्याचे तयार निमित्त ठरते. तुमच्याकडे तर ३,४१६ रुपयांचा फक्त थर्ड पार्टी विमा आहे, म्हणजे नवी चाके चोरीला गेली तर नुकसान सगळे तुमचेच.

पेडल खोल जाण्याची कारणे बहुधा साधी असतात: मागच्या ड्रममधले झिजलेले शू, त्यांचे सैल झालेले ॲडजस्टमेंट, फुगणारे रबरी पाइप आणि कित्येक वर्षे न बदललेले ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि लांब उतारावर तापले की त्यात वाफ होऊन पेडल मऊ पडते. पुढच्या डिस्क आणि पॅड, मागचे शू आणि सिलिंडर, पाइप व ऑइल हे सगळे कंपनीच्याच मापाचे नवे घालून सुमारे १२ हजार आणि मूळ मापाचे चार चांगले टायर सुमारे १८ हजार, असे ३० हजारांत काम होते. ते या महिन्यातच करून घ्या आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरा. गॅरेजवाल्याच्या आकड्यातले वाचलेले ९० हजार तूर्त ठेवीतच राहू द्या.

आता त्या शेवटच्या ओळीविषयी.

बँकेत लॉकर मागायला गेलात, तेव्हा साहेबांनी ‘लॉकर लगेच मिळेल, ही पॉलिसी घ्या, पैसे दुप्पट आणि टॅक्सही वाचतो’ असे सांगितले, असे तुम्हीच लिहिले आहे. अशी पत्रे मला इतकी येतात की त्यातला मजकूर न वाचताही सांगता यावा. दहा वर्षे दरसाल एक लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर २० लाख मिळायचे. ‘दहा लाखांचे वीस लाख, म्हणजे वर्षाला दहा टक्के’ हा हिशोब साहेबांनी कागदावर मांडून दाखवला असेल. तुमचा प्रत्येक लाख सरासरी साडेपंधरा वर्षे अडकून दुप्पट होतो. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात, त्या आकड्याने ७२ ला भागले की वार्षिक दर साधारण कळतो. ७२ ला साडेपंधराने भागा, दर निघतो जेमतेम साडेचार टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्के दराने ठेवले असते, मुदत वाढवत नेली असती आणि दर तोच राहिला असता, तर विसाव्या वर्षी साडेएकोणतीस लाखांच्या आसपास झाले असते. टॅक्स वाचण्याची गोष्ट तर विसराच. नव्या करप्रणालीत तुमच्या पगारावर २०२५-२६ पासून करच लागत नाही, आणि त्या प्रणालीत ८०सी ची वजावटही नाही.

हे सगळे एक वेळ सोसता आले असते. पण साडेचार टक्क्यांच्या वस्तूसाठी तुम्ही १४ टक्क्यांचे कर्ज काढता आहात. एक लाखाचे तीन वर्षांचे कर्ज म्हणजे महिना सुमारे ३,४०० रुपये आणि एकूण व्याज २३ हजार. गेल्या वर्षीचा हप्ता चालूच आहे, त्यात याही वर्षीचा आला आणि पुढच्या वर्षी तिसरा आला, की तीन कर्जे एकाच वेळी चालून दरमहा १० हजारांहून अधिक रक्कम पगारातून जाईल. त्यावर गृहकर्जाचे १८ हजार आहेतच. तुम्ही या पॉलिसीला सुरक्षित म्हणता. तिच्यातून तुमच्या पश्चात घरच्यांना मिळणार दहा लाख, आणि गृहकर्जच १४ लाखांचे बाकी आहे. मानपूरच्या घाटात काही बरेवाईट झाले, तर डिस्क ब्रेक होते की ड्रम, याने घरच्या हिशोबात काहीच फरक पडणार नाही.

तिसरा प्रीमियम भरू नका. भरलेले दोन लाख वाया जातील ही भीती मला कळते, म्हणून कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज पॉलिसी सरेंडर केली तर किती मिळतील, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे प्रीमियम न भरता तशीच राहू दिली, तर मुदतीअंती किती. इतक्या लवकर सरेंडर केल्यास हाती साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ६०-७० हजार येतील. पेड-अप मध्ये प्रमाणात रक्कम धरली, तर अठरा वर्षांनी चार लाखांपर्यंत मिळू शकतात. ६५ हजार पीपीएफच्या दराने अठरा वर्षे वाढवले तरी सव्वादोन लाखच होतात. म्हणून कंपनीचा आकडा चार लाखांच्या जवळ आला तर पेड-अप ठेवा, अडीच लाखांच्या खाली आला तर सोडून द्या. उरलेले आठ प्रीमियम भरत राहिलात, तर त्या आठ लाखांवर पाच टक्क्यांहूनही थोडे कमीच सुटतात. बँकेतून ‘तीन वर्षे तरी पूर्ण करा’ असा फोन येईल. त्यांना कमिशन पुढच्या प्रीमियमवर मिळते, हे त्या वेळी आठवा.

क्रम मात्र चुकवू नका. आधी एक कोटीचा, साठीपर्यंतचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) घ्या. निर्व्यसनी माणसाला तुमच्या वयात वर्षाला २० हजारांच्या आसपास पडतो. कारखान्याच्या तीन लाखांच्या मेडिक्लेमवर विसंबू नका, नोकरी सुटली की तोही सुटतो. तिघांसाठी दहा लाखांचा फ्लोटर, म्हणजे तिघांचा मिळून एकच आरोग्य विमा, सुमारे २५ हजारांत बसेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांवर जीएसटी नाही. आईंचा विमा वेगळा पाहावा लागेल, त्यांचे वय आणि आजार कळवा. ब्रेकचे ३० हजार आणि हे ४५ हजार ठेवीतून काढले, तरी एक लाखाच्या वर शिल्लक राहते. न काढलेल्या कर्जाचे ३,४०० रुपये दरमहा आवर्ती ठेवीत टाकलेत, तर वर्षाला ४१ हजार जमतात आणि पुढच्या वर्षीचे दोन्ही विमे जवळपास त्यातूनच भागतात. वार्षिक प्रीमियम भरायला ३० दिवसांची जादा मुदत असते. टर्म विम्याची वैद्यकीय तपासणी त्या अवधीत उरकून पॉलिसी हातात घ्या, आणि मगच कंपनीला पेड-अपचे पत्र द्या.