श्रीमंत मालक आला की काही फुटबॉल क्लबांचे चाहते नाचतात आणि काहींचे चिडतात, असं का?

मुख्यतः पैसा क्लबमध्ये येणार की क्लबमधून बाहेर जाणार, यावर ते ठरतं. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच माथी मारलं. चिडलेल्या काही चाहत्यांनी तर एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा वेगळा क्लबच काढला. २०१० मध्ये अनेकजण लाल सोडून हिरवे-सोनेरी मफलर घालून सामन्याला येऊ लागले. ते रंग न्यूटन हीथचे, म्हणजे युनायटेडच्या मूळ अवताराचे. उलट २०२१ मध्ये न्यूकॅसल हा क्लब सौदीच्या सरकारी निधीच्या पुढाकाराने एका गटाने घेतला, तेव्हा त्याच्या सेंट जेम्स पार्क या मैदानाबाहेर जल्लोष झाला. काही पठ्ठ्यांनी डोक्याला अरबांसारखे चक्क टॉवेल गुंडाळले होते! माझ्या मते त्यात नव्या मालकाच्या तिजोरीइतकाच वाटा आधीचे मालक माइक ॲशली १४ वर्षांनी एकदाचे गेले याचा होता. अर्थात सगळे चाहते एका सुरात बोलत नाहीत: मानवी हक्कांच्या मुद्द्यावरून न्यूकॅसलच्याच काही चाहत्यांनी या मालकीला उघड विरोध केला आहे.