दिवाळीच्या सवलतीत कॉर्न स्नेक घ्यावा की फेब्रुवारीपर्यंत थांबावे?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. आम्हा पती-पत्नीच्या हातात मिळून दरमहा १,१५,००० रुपये येतात. त्यातून गृहकर्जाचा हप्ता ४२,०००, घरखर्च ४५,००० आणि एसआयपी १२,००० रुपये जातात. बचत खाते आणि मुदत ठेव मिळून दीड लाख शिल्लक आहे. दिवाळीला ६०,००० रुपये बोनस मिळणार आहे. सातवीतल्या मुलाला बऱ्याच दिवसांपासून कॉर्न स्नेक पाळायचा आहे. विक्रेता दिवाळीच्या सवलतीत पिल्लू ९,००० रुपयांना देतो आहे आणि जानेवारीनंतर त्याच वेतातले पिल्लू १२,००० रुपयांना पडेल म्हणतो. पेटी, हीट मॅट वगैरेचे १८,००० रुपये वेगळे. पत्नीचे मत मे महिन्याच्या सुटीत घ्यावा असे आहे. वर्षातली कोणती वेळ योग्य?

उत्तर : माझे मत फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याकडे झुकते, मात्र कागदपत्रे त्याआधी आपल्या हातात पडली असतील तरच.

प्रथम विक्रेत्याच्या दोन किमतींमधला फरक पाहू. कॉर्न स्नेक हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप आहे. हिवाळ्यातली विश्रांती संपली की वसंतात त्यांचे मीलन होते, मादी साधारणपणे मे ते जुलैच्या दरम्यान अंडी घालते आणि सुमारे दोन महिन्यांनी, म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्ये, पिल्ले बाहेर येतात. आठवडा-दहा दिवसांनी पहिली कात टाकल्यावर ती खायला लागतात, आणि त्यातली काही सहजासहजी खातच नाहीत. दिवाळीत मिळणारे पिल्लू जेमतेम पेन्सिलीइतके जाड असते आणि त्याच्या खाण्याची घडी अजून बसलेली असेलच असे नाही. तेच पिल्लू फेब्रुवारीत चार-सहा महिन्यांचे झालेले असते आणि पाच-सात दिवसांनी एक पिंकी, म्हणजे उंदराचे नवजात पिल्लू, या हिशेबाने त्याची पंधरा-वीस जेवणे झालेली असतात. म्हणजेच आपण ज्याला सवलत समजत आहात, ते ३,००० रुपये सुरुवातीच्या नाजूक महिन्यांची जोखीम उचलण्याचे मोल आहे. ती जोखीम विक्रेत्याने उचलावी आणि आपण तिचे पैसे द्यावेत, हा मला रास्त सौदा वाटतो. प्रथमच साप पाळणाऱ्या आणि त्यातही एका लहान मुलाचे मन गुंतलेल्या घरासाठी तर नक्कीच.

सुटीबद्दल आपल्या पत्नीचा विचार मुलाच्या वेळेच्या दृष्टीने योग्य आहे, पण ठाण्यातला मे महिना सापासाठी योग्य नाही. या सापाला पेटीच्या उबदार बाजूला २८ ते ३१ अंश आणि थंड बाजूला २४-२५ अंशांच्या आसपास तापमान लागते, आणि दीर्घकाळ ३३-३४ अंशांच्या वर गेले की जिवाला धोका असतो. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत दुपारी काय होते, हे आपण जाणताच. जून उजाडला की दमट हवा सुरू होते, पेटीतले अंथरूण ओलसर राहून बुरशी धरते आणि त्वचेचे व श्वसनाचे विकार उद्भवतात. नवख्या माणसाने नेमक्या या चार-पाच महिन्यांत सुरुवात करू नये. फेब्रुवारीत आणल्यास कडक ऊन सुरू होण्यापूर्वी सापाला घर आणि आपल्याला साप अंगवळणी पडायला दीड-दोन महिने मिळतात.

आता खर्च. आपल्या पत्रात एकदाच होणारा खर्च नीट मांडला आहे, मात्र दरमहाचा खर्च कुठेच नाही, आणि माझ्या दृष्टीने खरा निर्णय तिथेच आहे. गोठवलेले उंदीर, अंथरूण, थोडी वीज आणि डॉक्टरसाठी बाजूला ठेवायची रक्कम मिळून मी दरमहा १,५०० रुपये धरतो. वीस वॅटची हीट मॅट थर्मोस्टॅटवर दिवसरात्र चालली तरी महिन्याला पंधरा युनिटच्या आतच राहते, त्यामुळे उबेचा खर्च नगण्य आहे. महाग पडतो तो गारवा. एक टनाचा एसी दुपारचे आठ तास चालवला तर महिन्याला दोनशेच्या पुढे युनिट जातात, आणि महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने ही भर नेमकी वरच्या दराने पडते. यासाठी दोन महिन्यांचे मिळून ६,००० रुपये धरावेत. पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, आतल्या भिंतीला लागून ठेवली तर यातले बरेच वाचतील, पण अंदाजपत्रक वाचेल असे गृहीत धरून करू नये.

अशा रीतीने वर्षाला २४,००० रुपये होतात. नीट सांभाळलेला कॉर्न स्नेक पंधरा ते वीस वर्षे जगतो. पंधराच वर्षे धरली आणि खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला, तर एकूण आकडा ५ लाख ६० हजारांच्या जवळ पोहोचतो. ज्या ३,००० रुपयांच्या फरकावरून आपण महिना ठरवू पाहत आहात, तो या रकमेच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. शिवाय मुलगा सहा वर्षांत महाविद्यालयात जाईल, कदाचित दुसऱ्या शहरात. साप मात्र आपल्याकडेच राहील. तेव्हा हा खर्च मुलाच्या छंदाचा न मानता आपल्या स्वतःच्या जबाबदारीचा म्हणून मांडावा, आणि आपण दोघे त्याला मनापासून तयार आहात का, हे मुलाच्या उत्साहापासून वेगळे काढून एकमेकांशी बोलावे.

हप्ता आणि घरखर्च मिळून आपल्याला महिन्याला ८७,००० रुपये लागतात. सहा महिन्यांचा आपत्कालीन निधी ५,२२,००० रुपयांचा हवा. आपल्याकडे दोन महिन्यांचाही नाही. मला सापाच्या किमतीपेक्षा याची काळजी अधिक वाटते. एसआयपीनंतर आपल्याकडे १६,००० रुपये उरतात, म्हणून मी सरळ नकार देत नाही, पण क्रम ठरवून देतो. बोनसमधले ३०,००० रुपये तत्काळ आपत्कालीन निधीत टाकावेत आणि उरलेले ३०,००० तीन महिन्यांच्या मुदत ठेवीत ठेवावेत. साप आणि पेटीचा खर्च त्यातूनच व्हावा. फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून अनेकांचा टीडीएस जास्त कापला जातो, त्यामुळे त्या महिन्यांच्या पगारावर ही खरेदी टाकू नये. क्रेडिट कार्डावर तर मुळीच टाकू नये, कारण थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते.

याशिवाय नोव्हेंबरपासूनच दरमहा २,००० रुपये वेगळ्या खात्यात आणि १०,००० रुपये आपत्कालीन निधीत वळवायला सुरुवात करावी. फेब्रुवारीपर्यंत ही घडी ओढाताण न होता बसली, तर साप आपल्याला परवडतो; एखाद्या महिन्यात ते २,००० काढून घ्यावे लागले, तर खरेदी पुढच्या वर्षावर ढकलावी. त्या खात्यात साठलेले सहा-आठ हजार हीच डॉक्टरसाठीची पहिली तरतूद राहील. ठाण्यात कुत्र्यामांजरांचे दवाखाने जागोजागी आहेत, पण सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर मोजकेच आहेत, म्हणून त्यांची फी आणि अंतर खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. गोठवलेले उंदीर घरच्या फ्रीजमध्ये ठेवायला कोणाची हरकत असेल, तर छोट्या वेगळ्या फ्रीजचा खर्चही आताच धरावा.

कागदपत्रांचा मुद्दा मी शेवटी घेत असलो तरी त्याचे वजन सर्वांत जास्त आहे. धामण, कवड्या, अजगर असे आपल्याकडचे साप पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारानुसार नियंत्रण असलेल्या विदेशी प्रजातींची नोंदणी आवश्यक ठरली. बॉल पायथन त्या यादीत येतो, कॉर्न स्नेक येत नाही. विक्रेते याचा अर्थ ‘कागद लागतच नाही’ असा सांगतात, तो चुकीचा आहे. परदेशातून जिवंत प्राणी आणायला परवानगी आणि क्वारंटाइनची प्रक्रिया लागतेच, आणि बँकॉकहून मुंबई विमानतळावर आलेल्या सामानात लपवलेले कॉर्न स्नेक पकडले गेलेले आहेत. माल तस्करीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, तो घेणाऱ्यावरही सीमाशुल्क कायद्यात दंडाची तरतूद आहे.

म्हणून विक्रेत्याकडे प्रजातीचे नाव असलेले पक्के बिल मागावे. साप इथेच जन्मलेला असेल तर जनक जोडी कुठून आली याचा लेखी तपशील, आणि आयात केलेला असेल तर आयातीच्या कागदांची प्रत घ्यावी. ही कागदपत्रे दाखवून ठाणे वन विभागाच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी. त्यासाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा अवधी पुरेसा आहे. कागद मिळाले नाहीत, तर मुदत ठेवीतले ३०,००० रुपयेही आपत्कालीन निधीत जातील. मिळाले, तर पिल्लाच्या जेवणांची आणि कात टाकल्याची तारीखवार नोंद मागावी, ते आपल्यासमोर एकदा खाताना पाहावे, आणि तोवर कोणतीही आगाऊ रक्कम देऊ नये.