दोन लिथियम बॅटऱ्या अशा जोडा की एक गेली तरी घर चालेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे जंगलाकडेला घर आहे, लाईनची वीज पोचलेली नाही. 5 किलोवॉटचा 48 व्होल्टचा इन्व्हर्टर आणि 3 किलोवॉटचे पॅनेल ठरले आहेत. 10 युनिटची एकच लिथियम बॅटरी घ्यावी की 5-5 युनिटच्या दोन, आणि एक बंद पडली तर दुसरीवर भागेल का?

दोनच घ्या. मात्र दोन बॅटऱ्या एका बसबारला (सगळ्या केबल जोडायच्या जाड सामाईक पट्टीला) जोडल्या की बॅकअप झाला, असं होत नाही. उरलेली बॅटरी एकटी सगळा भार उचलते का, आणि बंद पडणारी जाताना दुसरीलाही पाडते का, हे दोन प्रश्न सोडवल्याशिवाय दुसऱ्या बॅटरीवर घातलेला पैसा कामी येत नाही.

आधी करंटचा हिशेब. 5 किलोवॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर, बॅटरी 48 व्होल्टपर्यंत उतरलेली असताना आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता 92 टक्के धरली तर, 113 अँपियर ओढतो. बाजारात मिळणारा 51.2 व्होल्ट 100 अँपियर-अवरचा पॅक (16 सेल, 5.12 युनिट) बहुतेक वेळा 100 अँपियरच्या बीएमएसचा (पॅकला जपणारं आणि मर्यादा ओलांडली की तो बंद करणारं आतलं सर्किट) असतो. दोन्ही चालू असताना प्रत्येकावर 57 अँपियर येतात, सगळं सुरळीत दिसतं. एक ट्रिप झाला (स्वतःहून बंद पडला) की दुसऱ्यावर अख्खे 113 येतात आणि काही सेकंदांत तोही ट्रिप होतो. दोन बॅटऱ्या असून घरात अंधार होतो तो असा. यावर तीन उपाय आहेत : भार 3.5 किलोवॉटच्या आत ठेवणं (मग एकट्या पॅकवर 80 अँपियरच्या आसपास येतात), 150 अँपियर सतत देणारा पॅक घेणं, किंवा तीन पॅक लावणं. घरगुती वापराला पहिला उपाय पुरतो, पण पंप सांभाळा. 1 एचपीची मोटर सुरू होताना क्षणभर चार-पाच पट करंट मागते. ती दिवसा, ऊन असतानाच चालवा आणि तिच्याबरोबर मिक्सर किंवा इस्त्री नको.

आता युनिटचा हिशेब. 80 टक्के वापर आणि इन्व्हर्टरचा तोटा धरून एक पॅक साधारण 3.7 युनिट देतो. दिवे, तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, टीव्ही, राउटर आणि लहान फ्रिज मिळून दिवसाला अडीच-तीन युनिट होतात. त्यात एक गोष्ट सगळे विसरतात : इन्व्हर्टर स्वतः रिकामा चालू राहिला तरी 40-50 वॅट खातो, म्हणजे दिवसाला एक युनिट! ते धरलं तर एका पॅकवर जेमतेम एक दिवस निघतो, दोनवर दोन. खानापूरच्या घाटपट्ट्यात आषाढात ऊन कित्येक दिवस दिसत नाही. कमी पावसाच्या अथणी किंवा निपाणीकडचं गणित मुसळधार पावसाच्या कणकुंबीला लावू नका. इथे तिसऱ्या बॅटरीपेक्षा आणखी एक-दोन किलोवॉटचे पॅनेल आणि एक लहान जनरेटर जास्त कामाचा, कारण भरायलाच काही नसेल तर जादा बॅटरीही रिकामीच राहते. जादा पॅनेल घेण्याआधी इन्व्हर्टरचा एमपीपीटी (पॅनेलची वीज घेऊन बॅटरी भरणारा भाग) किती पॅनेल आणि किती व्होल्ट घेतो ते तपासा.

वायरिंगमध्ये प्रत्येक पॅकला स्वतःचा फ्यूज आणि स्वतःचा आयसोलेटर (हातानं तोडायचा स्विच) हवाच. फ्यूज 125 अँपियरचा, क्लास टी किंवा डीसी रेटिंग असलेला एचआरसी (मोठा शॉर्टसर्किट करंट तोडणारे प्रकार), आणि पॅकच्या प्लस टोकाच्या अगदी जवळ. या सेलचा शॉर्टसर्किट करंट हजारो अँपियर असतो. तिथे घरचा एसी एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) लावला तर आतली ठिणगी विझतच नाही. डीसी एमसीबी घेतलात तर त्यावरच्या प्लस-मायनस खुणा पाळा. उलटा जोडला तर तोही ठिणगी तोडत नाही. पॅकपासून बसबारपर्यंत 25 चौरस मिमी तांब्याची केबल, दोन्ही पॅकची लांबी सारखी. बसबारपासून इन्व्हर्टरपर्यंत 35 चौरस मिमी. इन्व्हर्टरचा प्लस बसबारच्या एका टोकाला आणि मायनस दुसऱ्या टोकाला घ्या, म्हणजे दोन्ही पॅकना वाट सारखी पडते.

त्यातही लग (केबलच्या टोकाला चेपून बसवायचा धातूचा जोड) सगळ्यात महत्त्वाचा. 25 चौरस मिमीच्या एक मीटर केबलचा रोध 0.7 मिलिओहम असतो. हातोडीनं चेपलेला लग एकटाच त्याच्या कितीतरी पट रोध घालू शकतो. मग एक पॅक 20 अँपियर देतो, दुसरा 40, आणि जास्त राबणारा आधी थकतो. बेळगावात उद्यमबागेकडे कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक क्रिम्परनं (चेपण्याच्या यंत्रानं) लग मारून घ्या, वरून हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. खानापूरच्या पावसाळी दमट हवेत उघडं तांबं लवकर हिरवं पडतं.

पहिल्यांदा जोडताना दोन्ही पॅक वेगवेगळे पूर्ण भरा, दोन तास तसेच ठेवा आणि मल्टिमीटरनं मोजा. फरक 0.1 व्होल्टच्या आत असेल तरच एकत्र करा. एक 53.5 आणि दुसरा 48 व्होल्टवर असताना जोडले तर मधला सगळा रोध 50 मिलिओहम धरूनही 110 अँपियर एकदम एकातून दुसऱ्यात धावतात. इन्व्हर्टरला पहिल्यांदा जोडतानाही त्यातले कपॅसिटर रिकामे असतात. काही सेकंद 230 व्होल्टच्या 100 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बमधून करंट जाऊ द्या, मगच आयसोलेटर टाका. नाहीतर ठिणगी उडते आणि बीएमएस शॉर्टसर्किट समजून बंद पडतो.

सेटिंग : चार्जिंग 55.2 ते 56 व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचा व्होल्टेज) 53.6 ते 54, लो कट-ऑफ (इतका उतरला की इन्व्हर्टर थांबतो) 48. इक्वलायझेशन आणि टेम्परेचर कॉम्पेन्सेशन (लेड-अॅसिड बॅटरीसाठीची सेटिंग) बंद. इन्व्हर्टरनं नेहमी बीएमएसच्या आधी थांबायला हवं. बीएमएस ही शेवटची कडी आहे, रोजचा स्विच नव्हे. चार्जिंग करंट एका पॅकला झेपेल तेवढाच, म्हणजे 50 अँपियर ठेवा. तुमचे 3 किलोवॉटचे पॅनेल तसेही 57-58 अँपियरच्या वर जाणार नाहीत, त्यामुळे तोटा नगण्य, आणि एक पॅक ट्रिप झाला तरी उरलेल्यावर जबरदस्ती होत नाही. भर दुपारी दोन्ही बीएमएस एकदम ट्रिप झाले तर एमपीपीटीचा व्होल्टेज उसळून इन्व्हर्टर जळू शकतो, म्हणून ही मर्यादा आवर्जून घाला.

बीएमएस आणि इन्व्हर्टरमधली डेटा केबल ही लपलेली कमजोर जागा आहे. बहुतेक रचनांत एक पॅक मास्टर (इन्व्हर्टरला माहिती देणारा मुख्य पॅक) असतो. तोच गेला तर दुसरा भरलेला असूनही इन्व्हर्टर एरर दाखवून थांबतो. बसवतानाच मास्टर बंद करून बघा. थांबत असेल तर इन्व्हर्टर 'यूजर' मोडवर, नुसत्या व्होल्टेजवर चालवायचं सेटिंग कागदावर लिहून शेजारी चिकटवा, घरच्या कुणालाही बदलता आलं पाहिजे.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट दोन्ही पॅकना एकदम पकडते. बीएमएस सेल समान करतो तो साधारण पूर्ण भरत आल्यावरच, आणि तोही अगदी थोड्या करंटनं. आठवडेच्या आठवडे बॅटरी 30 ते 60 टक्क्यांत फिरत राहिली की सेलची भरलेली पातळी एकमेकांपासून सरकते, टक्क्यांचा आकडाही खोटा होतो. मग 40 टक्के दिसत असताना अचानक सगळं बंद, किंवा भरताना एकच सेल 3.65 व्होल्टला पोचून पॅक ट्रिप होतो. म्हणून मृग लागण्याआधी दोन्ही पूर्ण भरून घ्या, आणि पावसात दोन-तीन आठवड्यांनी एकदा जनरेटरवर पूर्ण भरून तासभर तिथेच ठेवा.

पॅक कौलाखालच्या माळ्यावर नको, एप्रिलच्या उन्हात तिथे आयुष्य घटतं. चुलीजवळही नको. आतल्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंच स्टँडवर ठेवा. केबल एंट्रीला ग्लँड (भोक घट्ट बंद करणारा जोड) लावा, उंदीर इन्सुलेशन कुरतडतात. वळवाच्या विजा इथे जोरदार असतात : पॅनेलच्या बाजूला टाइप 2 डीसी एसपीडी (विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण) आणि त्याला चांगलं अर्थिंग नसेल तर एका कडकडाटात इन्व्हर्टर आणि दोन्ही बीएमएस जाऊ शकतात.

महिन्यातून एका संध्याकाळी एक पॅक बंद करून घर चालवा, पुढच्या महिन्यात दुसरा. परत जोडण्याआधी दोन्हींचे व्होल्ट मोजा, वरचा 0.1 व्होल्टचा नियम इथेही. मग डीसी क्लॅम्प मीटरनं दोन्हींचा करंट बघा. 10-15 टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी लग तपासा, मग बॅटरी.

आणि इन्व्हर्टर एकच आहे, तो गेला तर दोन्ही बॅटऱ्या नुसत्या बघत बसायच्या. घरात जुनी ट्युब्युलर (पाण्याची, लेड-अॅसिड) बॅटरी असेल तर ती विकू नका. वेगळं 100 वॅटचं पॅनेल, साधा 12 व्होल्टचा चार्ज कंट्रोलर आणि चार डीसी दिवे, एवढं स्वतंत्र सर्किट ठेवा. लिथियमच्या बसबारला मात्र ती कधीही जोडू नका.